आतल्या बाजूचं ऊन

१

खिडकी तपासायची तर आधी हातांनी तपासायची, डोळे मागाहून. बाहेरच्या अंगावरून तळवा फिरवायचा. ऊन लाकडाला वरून खातं. मऊ भाग आधी जातो, कठीण रेषा उरतात, आणि तळव्याला त्या म्हाताऱ्या हातावरच्या शिरांसारख्या लागतात. मग खालचा आडवा दांडा नखाने दाबून बघायचा, कारण पावसाचं पाणी तिथेच साचतं. शेवटी आतल्या बाजूने हात फिरवायचा, तो नुसता रीत म्हणून. आतलं अंग नेहमी ठीक असतं. घराच्या आत ऊन-पाऊस नसतो.

हे मी दूर जाऊन शिकले. जुनं लाकूड जगवायचं एक शास्त्र असतं, त्याच्या शाळा असतात, आणि तिथे कडाक्याच्या थंडीत हातमोजे काढून दुसऱ्यांच्या खिडक्या चाचपणारे माझ्यासारखे वेडे असतात. परत आले ती एकच गोष्ट मनात धरून. आपल्याकडे लाकडी खिडक्या उपटून फेकतात, ते थांबवायचं. थांबवता येतं. जवसाचं तेल, काचेभोवती आणि भेगांत भरायची चांगली लांबी, वेळेवर रंगाचा हात आणि वर जरासा छज्जा, एवढ्यावर खिडकी घरातल्या नातवंडांची नातवंडं बघते. हे मी भेटेल त्याला सांगत होते, अगदी गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा.

आमच्या गल्लीत मात्र ज्यांच्यासाठी सांगावं अशा खिडक्याच उरल्या नव्हत्या. सगळीकडे ॲल्युमिनियम. आमचं घर तेवढं बाकी होतं, आणि आत्याने त्याचाही निकाल लावायचं ठरवलं होतं.

"सरकवली की उघडली, सरकवली की मिटली," ती म्हणाली. "फुगत नाही, अडत नाही, रुसत नाही. तुझ्या बाबांपेक्षा बरी."

"ताई, मी ऐकतोय," वरून बाबांचा आवाज आला.

"ऐकायलाच बोलले."

आत्या बाबांची थोरली बहीण. मी लहान असताना आई गेली, तेव्हापासून घर आत्याच्या हातात आणि मी तिच्या कडेवर. बाबा शिंपी. वरच्या मजल्यावरची खोली हेच त्यांचं दुकान. मशीन खिडकीला टेकवलेलं, तोंड खिडकीकडे, पाठ खोलीकडे. त्यांनी शिवलेले कोट घालून लोक कुठे कुठे जाऊन आले. बाबा त्या खुर्चीतून उठले नाहीत. मला मात्र पाठवलं.

मी आत्याकडून मुदत मागून घेतली. सगळ्या खिडक्या मी नीट करणार. नाही जमलं तर खुशाल ॲल्युमिनियम.

"माझी शेवटी घे," बाबा म्हणाले. "काम अडतं."

२

स्वयंपाकघराची खिडकी झाली, जिन्यातली झाली, पुढच्या खोलीतल्या झाल्या. पल्ले बिजागऱ्यांतून सोडवायचे, आडवे टाकायचे, मेलेला रंग खरवडायचा, राखाडी थर पॉलिश पेपरने खालचं ताजं लाकूड दिसेपर्यंत घासायचा, आणि मग कोमट तेल पाजायचं. तहानलेलं लाकूड तेल कसं आत ओढून घेतं ते मी आत्याला हात धरून दाखवलं.

"पितंय खरं," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांवर गेलंय."

संध्याकाळी ती रॉकेलच्या बोळ्याने माझ्या नखांतला रंग काढायची आणि म्हणायची, एवढं शिकवून पोरगी शेवटी रंगारीण निघाली. पण गल्लीतून जाणाऱ्याला थांबवून आमच्या खिडक्या दाखवायचीही तीच.

बाबांच्या खिडकीची पाळी आली तेव्हा ते दाढी करायला खाली गेले होते. मी बाहेरच्या अंगावरून हात फिरवला. हिरवा रंग, जुना, पण अखंड. खालचा दांडा टणक. पश्चिमेकडची खिडकी, दुपारचं सगळं ऊन अंगावर घेणारी, आणि तिला ओरखडाही नाही. मनातल्या मनात मी बाबांचं कौतुक केलं, आणि रीत म्हणून आतून हात फिरवला.

तळव्यात कुसळ शिरलं.

आतलं अंग राखाडी होतं. रंगाचे नुसते पोपडे. नख जाईल एवढ्या उभ्या भेगा. खालच्या दांड्यात पाणी मुरून मऊ पडलेला एक भाग, आणि बिजागऱ्यांखाली गंजाचे ओघळ, तेही खोलीच्या बाजूला. वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेल्या दाराचं असतं तसं ते अंग होतं, आणि ते खोलीकडे तोंड करून होतं.

काहीतरी कारण असणार. पल्ले कोणीतरी उलटे बसवले असतील. पण दांड्याला पाणी वाहून जायला दिलेला उतार बाहेरच्या बाजूलाच होता, कडी आत होती, आणि बिजागऱ्यांच्या खाचा एकदाच पाडलेल्या होत्या. मग इस्त्री. इस्त्रीची वाफ. वाफेने रंग सुटतो. वाफेने लाकूड असं वाळून राखाडी पडत नाही, हे मला माहीत होतं. तरी त्या दिवशी मी वाफेवर समाधान मानलं.

३

बाबा येऊन खुर्चीत बसले आणि मी त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांचा चेहरा सावलीत वाढलेल्या माणसाचा, गोरटेला. मान मात्र उन्हात राबणाऱ्याची, रापलेली, थेट कॉलरच्या रेषेपर्यंत.

"बाबा, मान किती काळी झालीये."

"वयाने रंग बदलतो. तुझ्या खिडक्यांचा बदलतो तसा."

"तेल पाजू?"

"आधी चहा पाज."

कपाटाजवळ त्यांचा बिनडोक्याचा पुतळा उभा होता, कोट चढवून बघायचा. त्याच्या अंगावर अर्धवट शिवलेला निळा कोट. कोटाची खिडकीकडची बाजू गडद होती. भिंतीकडच्या बाजूचा रंग उडाला होता.

मी शिकलेली मुलगी. मला भीती वाटली नाही, उत्सुकता वाटली. ऊन कुठे किती पोचतं हे बघायची आमच्या कामात साधी पद्धत आहे. निळ्या लोकरी कापडाचे तुकडे घ्यायचे, अर्धे काळ्या कागदाने झाकायचे आणि ठेवून द्यायचे. उघडा भाग फिका पडला म्हणजे ऊन पोचलं. बाबांनी चिंध्यांतून तुकडे कापून दिले. एक मी पल्ल्याला बाहेरून लावला, एक आतून, खोलीकडे तोंड करून.

काढले तेव्हा बाहेरचा जरासा फिकटला होता. आतला पांढरा झाला होता. कागदाखाली मात्र लोकर निळीच, आणि दोन्हींमधली रेघ धारदार.

बाबा जेवायला खाली गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. समोर खिडकी, खिडकीत गल्ली. पाठीमागे भिंत, कपाट, दार. थोड्या वेळाने मानेला ऊब लागली. मी वळले. भिंत, कपाट, दार. पुन्हा पुढे तोंड केलं, पुन्हा ऊब. तेवढ्यात आत्याने जिन्यातून हाक मारली आणि मी ओ दिली. खोलीत बोललं की भिंती आपला आवाज थोडासा आपल्याला परत देतात. ते कधी लक्षात येत नाही, कारण तो नेहमीच येतो. माझा आवाज परत आला नाही. माळावर जातो तसा गेला तो गेलाच.

संध्याकाळी मी विचारलं. "बाबा, तुमच्या पाठीमागून ऊन येतं."

ते सुईत दोरा ओवत होते. "येतं."

"कधीपासून?"

"तू शिकायला गेलीस ना, त्या सुमाराला. पहिल्यांदा वाटलं, अंगात ताप आहे."

"आणि वळून पाहिलं नाहीत कधी?"

"काम सोडून कशाला वळू?" दोरा ओवला गेला. "बरं वाटतं गं. जन्मभर पाठीला भिंत होती. आता इतकं मोकळं वाटतं, की एखाद्या वेळी वाटतं, वळलो तर उठेन. आणि उठलो तर…" त्यांनी टाका घातला आणि दोरा दातांनी तोडला. "गिऱ्हाइकाचा कोट राहील."

ते हसले. मीही हसले. पण त्या दिवसापासून ते मान मोडायला जरी हलले, तरी माझा जीव वर-खाली व्हायचा.

४

बाबांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. लाकडाचं काय करायचं ते कळत होतं. म्हणून मी तेच केलं. आतलं अंग घासलं, भेगांत लांबी भरली, तेल पाजलं, आणि वर बोटींच्या लाकडाला लावतात ते व्हार्निश, थरावर थर. असं काम मी परीक्षेतही केलं नव्हतं. निळा तुकडा पुन्हा लावून बघितला. तुकड्याचा रंग उडाला, लाकूड जसंच्या तसं. मी आत्याला वर बोलावलं. तिने व्हार्निशमध्ये स्वतःचा चेहरा पाहिला, केस सारखे केले आणि म्हणाली, "बरं, राहू दे तुझी लाकडं."

मी जिंकले होते. आणि बाबा वाळायला लागले.

आधी ओठ फुटले. मग मानेचं कातडं सुटायला लागलं, कानांच्या पाळ्या मागून सोलवटल्या, आणि डोक्यामागचे केस पिवळट, गवतासारखे राठ झाले. खोलीत बसल्या बसल्या ते डोळे किलकिले करायचे. शर्ट धुताना आत्याला पाठीवरच्या शिवणीत बारीक रेती सापडली.

"कुठे उन्हात भटकतोस रे?"

"खुर्चीत असतो मी, ताई."

"खुर्ची कुठे टाकलीस, वाळवंटात?"

बाबा हसायला गेले आणि ओठातून रक्त आलं. आत्याने पदराचं टोक भिजवून त्यांच्या ओठाला लावलं.

डॉक्टरांनी मान बघितली आणि सहज विचारलं, "बोटीवर असता का?" मग मलम दिलं आणि सावलीत बसायला सांगितलं.

आम्ही दोघींनी मिळून मशीन खाली आणलं. बाबा मागोमाग खाली आले. पुढच्या खोलीत बसले, कोट मांडीवर घेतला, आणि एक टाका न घालता बसून राहिले. दुपारी ते दिसेनात म्हणून मी वर गेले. रिकाम्या खोलीत ते खिडकीशी उभे होते, पाठ खोलीकडे, एक हात पल्ल्यावर.

"खाली श्वास पुरत नाही गं," ते न वळता म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि पल्ल्याच्या आतल्या अंगावर हात ठेवला. गुळगुळीत. गार. मग बाबांच्या मानेवर हात ठेवला. ती भट्टीसारखी तापली होती.

आमच्या शास्त्रात एक थर असतो, तो टिकावा म्हणून लावत नाहीत. तो झिजावा म्हणून लावतात. ऊन, वारा, पाणी, सगळं त्याने खायचं, म्हणजे खालचं वाचतं. इतकी वर्षं त्या खोलीत जे काही यायचं ते ही खिडकी खात होती. आणि मी खिडकीला वाचवलं होतं.

५

व्हार्निश लावायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट काढायला लागला. चांगलं लावलं होतं ना.

आत्या दारात येऊन उभी राहिली. "एवढं चकाचक केलंस, आणि आता खरवडतेस? याला शिक्षण म्हणायचं?"

"हो."

"मग मी अडाणी बरी."

तिने पदर खोचला, खरवडायचा दुसरा पत्रा उचलला आणि दुसऱ्या पल्ल्यासमोर फतकल मारून बसली. आम्ही दोघी शेजारी शेजारी खरवडत होतो. मध्येच ती म्हणाली, "लहानपणी तो कधी घराबाहेर खेळायला जायचा नाही. मीच ओढून न्यायचे. म्हणायचा, ताई, बाहेर गेलो तर परत यावंसं वाटणार नाही." आणि नाक ओढून पुन्हा खरवडायला लागली.

लाकूड उघडं झालं. तेलसुद्धा नाही ठेवलं, कोरडं केलं. थोड्याच दिवसांत त्याच्यावर राखाडी छटा आली, मग पहिली भेग. त्या भेगेवर बोट फिरवताना मला जो आनंद झाला तो माझ्या एकाही मास्तरांना मी समजावून सांगू शकले नसते. बाबांचे फुटलेले ओठ भरून आले. मानेला नवीन कातडं आलं. मशीन पुन्हा वर गेलं.

हे पल्ले झिजले की मी नवे करीन, असं ठरवलं. लाकूड झिजायला किती वेळ लागतो हे मला कळतं, आणि करायला किती लागतो हेही. पण ते जमायचं तर मी इथे असायला हवं, आणि मला दुसऱ्या गावांतून बोलावणी येत होती. लोकांना आपल्या खिडक्या दाखवायच्या होत्या. यासाठीच तर मी परत आले होते.

"कधी निघतेस?" बाबा विचारायचे, मशीनवरून मान वर न करता.

"बघू," मी म्हणायची.

मी "बघू" म्हटलं, की त्या संध्याकाळी आतलं अंग हाताला जास्त गरम लागायचं. की मला तसं वाटायचं. मी तुकडा लावून पाहिला नाही.

६

बाहेरची बाजू तेवढी राहिली होती. दुपारी मी गल्लीतून शिडी लावली आणि बाबांच्या खिडकीच्या वरच्या काचेभोवतीची सुकलेली लांबी उकरायला घेतली. पल्ले मिटलेले होते. पाठीवर ऊन. काचेत मला माझाच चेहरा आणि मागची गल्ली दिसत होती. आतले बाबा दिसावेत म्हणून मी डोळ्यांवर हात आडवा धरला आणि कपाळ काचेला टेकवलं.

बाबा दिसले. मशीनवर वाकलेले, मांडीवर कोटाची बाही, ओठांत टाचण्या.

त्यांच्या मागे भिंत नव्हती.

फिकी, कोरडी जमीन होती, नजर पोचेल तिथपर्यंत, आणि तिच्यावर पांढुरकं आभाळ. कपाट नव्हतं, दार नव्हतं. पुतळा होता, नेहमीच्या जागी, आणि त्याच्या अंगावरच्या कोटाचा घेर वाऱ्याने फडफडत होता. त्याच्याही मागे, खूप लांब, आणखी एक कोणी उभं होतं. त्यानेही कोट घातला होता. एवढ्या वाऱ्यात त्याचा कोट हलत नव्हता.

काचेचा दोष. उन्हाची तिरीप. माझ्यामागची गल्ली उलटी पडलीये. मी हे सगळं मनात म्हणून पाहिलं. गल्लीत कोणी नव्हतं, आणि गल्ली एवढी लांब नाही.

बाबांनी वर पाहिलं. मला बघून हसले, आणि मग माझा चेहरा त्यांना दिसला असावा. टाचण्या काढून त्यांनी काहीतरी विचारलं. काचेतून अर्धवट ऐकू आलं. "काय गं? मागे काय आहे?"

आणि त्यांचा खांदा वळायला लागला.

"बाबा," मी म्हणाले, "बाही उलटी लावलीये."

खांदा थांबला.

"काय?"

"बाही. डावीची उजवीला लावलीये तुम्ही."

बाबांनी आयुष्यात बाही उलटी लावली नव्हती. त्यांनी मांडीवरचा कोट उचलला, उजेडात धरला, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"सरळ आहे," ते म्हणाले.

"नीट बघा."

"तुला शिवणातलं काय कळतं?"

"मग शिकवा."

"आता? शिडीवर उभी राहून?"

"आता."

ते माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या डोक्यामागचे केस वाऱ्याने उभे राहत होते आणि बसत होते. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते, दुसरीकडे कुठेही नाही. पण जे लांब होतं ते आता तितकं लांब नव्हतं, आणि माझं सगळं शिक्षणही ते डोळ्यांच्या कडेपासून लपवू शकत नव्हतं.

"तुझ्या त्या गावांचं काय?" बाबांनी विचारलं.

"नाही जात."

"खिडक्या आहेत ना त्यांच्या."

"येतील ते इथे. पल्ले काढून आणता येतात. मी इथेच आहे, बाबा. इकडे बघा."

"इकडेच बघतोय," ते हळूच म्हणाले. "तू बोलत राहा."

खाली आत्या कोणाला तरी सांगत होती, आमची पोरगी दिवसभर शिडीवर असते, वानरासारखी. बाबांनी बाही माझ्यासमोर काचेला लावली आणि बोटाने खांद्याची गोलाई दाखवली. इथे कापड थोडं जास्त सोडायचं, म्हणाले, आणि ते जास्तीचं चुणी न पडू देता जिरवायचं, म्हणजे माणसाला हात वर करता येतो. पहिल्यापासून सांगतो, म्हणाले. मी काचेला नाक लावलं आणि एकदाही त्यांच्या खांद्यावरून पलीकडे न बघता ऐकू लागले.